अनुभव धागा: भाव काढणं आणि पैसे मागणं, तुम्ही कुठे शिकलात?

मुलं बी.कॉम., इंजिनिअरिंग, एम.बी.ए. करून बाहेर पडतात. ताळेबंद वाचता येतो, प्रेझेंटेशन करता येतं. पण समोरच्याने ‘हे काम कितीला करून द्याल?’ असं विचारलं की आकडा तोंडातून निघत नाही. नोकरी असो वा धंदा, आपल्या कामाची किंमत काढता येणं आणि ती मागता येणं या दोन गोष्टींवाचून माणूस पुढे सरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही हे कोणाकडून, कसं शिकलात? आकड्यांसकट लिहा. गिऱ्हाइकांची, कंपन्यांची नावं मात्र नकोत.

मशिनशॉप, भोसरी

चांगला विषय काढलात. आमचं जॉबवर्कचं शॉप आहे, म्हणजे कंपन्यांचे पार्ट आम्ही मशिनवर करून देतो. नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना आधी मशिनचा तासाचा दर काढायला बसवतो. मशिनचा हप्ता, वीज, ऑपरेटरचा पगार, टूल, कूलंट, जागेचं भाडं हे सगळं महिन्याचं मांडायचं आणि मशिन खरोखर जेवढे तास चालतं तेवढ्यानेच भागायचं. चोवीस तासांनी भागलं की दर छान स्वस्त दिसतो आणि शॉप बुडतं.

आता समजा तासाचा दर 500 रुपये आला आणि पार्टचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 6 मिनिटं आहे. म्हणजे नगाला 50 रुपये. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण सेटिंगला, म्हणजे त्या पार्टसाठी मशिन लावून घ्यायला, दोन तास जातात, त्याचे 1000 रुपये कोण देणार? 100 नगांची बॅच असेल तर नगामागे 10 रुपये वाढतात. तेच 20 नग असतील तर नगामागे 50 रुपये, म्हणजे मूळ 50 चा दर थेट दुप्पट! कंपनीचा माणूस शंभराचा दर पाडून घेतो आणि वीस-वीसच्या ऑर्डरी टाकतो. म्हणून कोटेशनमध्ये बॅचचा आकडा लिहायचा आणि दर त्या आकड्याला बांधायचा. ‘एका लॉटमध्ये किमान 100 नग’ ही एक ओळ लिहायला लागल्यापासून आमच्या शॉपचं गणित बदललं. कॉलेजात मशिनिंग चार सेमिस्टर शिकवलं, ही ओळ कोणी शिकवली नाही.

परचेस विभाग, चाकण

भोसरीकरांनी लिहिलंय ते टेबलाच्या पलीकडून मी रोज बघतो. आमच्याकडे दोन तऱ्हेचे व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारे, येतात. एक जण नुसता आकडा लिहून पाठवतो. दुसरा फोड करून पाठवतो: कास्टिंगचं (ओतीव कच्च्या तुकड्याचं) वजन किती, मशिनिंगनंतर किती उरतं, भंगाराचे किती वळते केले, प्रोसेस, रिजेक्शन, पॅकिंग, नफा. पहिल्याशी बोलताना ‘पाच टक्के कमी करा’ याशिवाय बोलायला काही नसतं. दुसऱ्याशी बोलताना वाद फक्त एखाद्या ओळीवर होतो, नफ्याला सहसा हात लागत नाही. कच्च्या मालाचा भाव वाढला की त्याला दर वाढवून देणंही सोपं जातं, कारण वरिष्ठांना दाखवायला माझ्याकडे कागद असतो.

नोकरीत असलेल्यांसाठी एक सवय सांगतो. फोनवर किंवा मीटिंगमध्ये काही ठरलं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा: ‘आज ठरल्याप्रमाणे दर इतका, पहिला लॉट अमुक तारखेला, वाहतूक तुमच्याकडे.’ मला बढती मिळाली त्यात या चार ओळींचा मोठा वाटा आहे, असं मी मनापासून मानतो. माझी फाइल कोणीही उघडली तरी व्यवहार समजतो.

अकाउंट्स, सांगली

वसुलीबद्दल लिहिते. मी छोट्या कारखानदारांची पुस्तकं सांभाळते. ‘पार्टी पैसे देत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा मी आधी त्याची बिलं मागून घेते. निम्म्या वेळा पैसे कागदापायी अडकलेले असतात. बिलावर पीओ नंबर (खरेदी ऑर्डरचा नंबर) नसतो किंवा चुकीचा असतो. माल गेटवर उतरलेला असतो पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला नसतो, आणि जीआरएन नाही म्हणजे अकाउंट्सच्या लेखी माल आलेलाच नाही. पुढची अडचण जीएसटीची. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने आपला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरला नाही तर समोरच्याच्या त्या महिन्याच्या 2बी मध्ये (त्याच्या खरेदीवरच्या कराच्या उताऱ्यात) आपलं बिल दिसत नाही, त्याला त्या महिन्यात क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, मग तो करापुरती रक्कम रोखून धरतो. दोष त्याचा नसतो.

म्हणून मी माझ्या माणसांना सांगते, मालकाला फोन करू नका. अकाउंट्समध्ये बिल एंट्रीला बसलेल्या मुलीला फोन करा, तिचं नाव लक्षात ठेवा, पेमेंट महिन्यातून कोणत्या तारखांना सुटतं ते विचारा आणि त्याच्या चार दिवस आधी ‘माझं बिल पास झालंय ना?’ एवढंच विचारा. भांडणाने होत नाही ते यामुळे होतं.

कायदाही माहीत हवा. उत्पादन किंवा सेवेतला सूक्ष्म-लघु उद्योग असेल आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली, ही मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तेव्हापासून मार्च महिन्यात जुनी बिलं सुटताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या, फुकटचं काम आहे. निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र हा आधार नाही.

बचत गट, कोल्हापूर जिल्हा

आम्ही कांदा-लसूण मसाला करतो. पहिल्यापासून हिशेब माझ्याकडे. 300 रुपये किलोने पाच किलो मिरची आणली, 1500 रुपये दिले. देठं काढली, वाळवली, की हातात साडेचार किलोच्या आसपास राहते. म्हणजे मिरची 333 रुपयांना पडली, 300 ला नव्हे. खोबरं, कांदा, लसूण, तेल यांचंही तसंच, आणल्याचं वजन वेगळं, डंकावर नेल्याचं वेगळं. ओला कांदा तळून किती उरतो ते ज्याने त्याने स्वतः तोलून बघावं. मग कांडप, पिशवी, लेबल, आणि प्रदर्शनाला जायचं भाडं.

पण सगळ्यात मोठा झगडा बायकांच्या मजुरीवरून झाला. ‘घरचंच तर काम, त्याची कसली मजुरी?’ असं आमच्यातल्याच म्हणायच्या. मी अडून बसले. भाजायला, निवडायला जितके तास लागतात त्याची मजुरी धरल्याशिवाय भाव सांगायचा नाही. पाकिटाचा भाव वाढला, थोडी गिऱ्हाइकं गेली, राहिली ती कायमची राहिली. आता दिवाळीला फक्त नफा वाटत नाही, वर्षभर हातात मजुरी येते. एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा) नोंदणी घेतली तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती. त्या नंबरामुळे दुकानदार पाकीट ठेवून घ्यायला तयार झाले.

किराणा दुकान, कराडच्या बाजूला

इथे कोणीतरी ‘उधारी बंद’ लिहील, म्हणून आधीच सांगतो, गावात ते चालत नाही आणि चालू नये. लोकांच्या हातात पैसे एकदम येतात, त्याला कोण काय करणार? माझ्या वडिलांनी शिकवलं ते असं: कोणाला किती द्यायचं हे माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नाही, त्याच्या पैशाच्या तारखा बघून ठरवायचं. डेअरीला दूध घालणाऱ्याचा पगार दहा दिवसांनी होतो, त्याची उधारी एका पगाराच्या आत ठेवायची. उसाचं बिल कायद्याने 14 दिवसांत यायला हवं, पण कारखान्याकडून कधी येतं ते आपण सगळे जाणतो, म्हणून ऊसवाल्याला मर्यादा मोठी पण तारीख ढिली. रोजंदारीवाल्याचा हिशेब बाजाराच्या दिवशी. खतावणीत प्रत्येक नावासमोर मी हे लिहून ठेवतो. वसुलीला जायचं ते पगाराच्या दिवशी संध्याकाळी, आणि माणसाला चारचौघांत कधीच मागायचं नाही.

बचत गट, कोल्हापूर जिल्हा

दादा, हे पटलं. आमच्या दुधाच्या पगाराच्या दिवशीच आमचीपण पाकिटं जास्त खपतात.

शिवणकाम, नाशिक

निम्मे पैसे आगाऊ, आणि लग्नसराईत तारीख देताना चार दिवस हातचे राखून द्यायची. माझं एवढंच.

आंबा बागायत, देवगड

वाशीच्या घाऊक बाजारात पेटी पाठवली की दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते. आमच्याकडे वर्षानुवर्षं पट्टीची खालची रक्कम बघून ती खिशात घालायची पद्धत होती. मी प्रत्येक पट्टी वहीत उतरवायला लागलो: तारीख, किती डझनी पेटी, भाव, भाडं, हमाली, कापून घेतलेली उचल. दोन हंगामांतच चित्र दिसलं. पाडव्याच्या आधीच्या पेटीला वाशीच बरी, तो भाव दुसरीकडे नाही. एप्रिलअखेर माल एकदम येतो तेव्हा वाशीला भाव घसरतो, तेव्हा पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांना आणि पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात थेट विकलेला डझन, खोका-पेंढा-भाडं धरूनही, जास्त देऊन जातो. लहान फळ कॅनिंगला. उचल घेतली की माल कुठे पाठवायचा हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून ती कमी करत आणली. दलालाशी संबंध चांगले आहेत, त्यालाही मी आकडे दाखवतो.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, मेकॅनिकल, छत्रपती संभाजीनगर

सगळं वाचलं. भोसरीचे काका, नोकरी लागायच्या आधी कॉस्टिंग कुठे शिकायचं? कोर्स आहे का?

मशिनशॉप, भोसरी

कोर्स असतात, तुमच्या गावात एमसीईडी (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र) आहे, तिथे चौकशी कर. पण त्याआधी एक कर. जुन्या बाजारातून एखादा मशिन केलेला पार्ट आण, कसलाही. तोल. मूळ कास्टिंग किती किलोचं असेल याचा अंदाज बांध, ऑपरेशन लिही, प्रत्येकाला वेळ टाक, दर काढ. मग वाळूजला एखाद्या छोट्या शॉपमध्ये जा आणि मालकाला विचार, ‘हा कितीला कराल?’ दुपारी जेवणाच्या सुट्टीत जा, तेव्हा लोक बोलतात. त्याचा आकडा आणि तुझा आकडा दोन्ही इथे टाक. कुठे फरक पडला ते आपण सगळे मिळून बघू.