प्रोवाइनला पहिल्यांदा जाताना तीन दिवस कसे लावावेत?

पुण्याचा आयातदार:
नमस्कार. पुण्यात आमचा वाइन आयातीचा छोटा व्यवसाय आहे. आजवर आम्ही मुंबईच्या एका मोठ्या आयातदाराच्या कंटेनरमध्ये आमच्या पेट्या घालून माल आणत होतो. येत्या मार्चमध्ये मात्र जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या प्रोवाइन या वाइन व्यापाराच्या प्रदर्शनाला मी स्वतः जाणार आहे. मला तिथल्याच मोझेल खोऱ्यातील रीसलिंग या पांढऱ्या वाइनचे दोन-तीन उत्पादक हवे आहेत आणि जमल्यास एखादा ऑस्ट्रेलियन. रविवार ते मंगळवार एवढाच अवधी आणि दालनांत हजारो उत्पादक. अशा वेळी भेटी आधीच ठरवून जावे, की चव घेत फिरावे आणि आवडेल तिथे बसावे? शिवाय परतताना नमुन्याच्या बाटल्या बॅगेतून आणता येतील का?

बोरीबंदर:
भेटी जानेवारीतच ठरवा. चांगल्या उत्पादकांचा रविवार आणि सोमवार आधीच भरलेला असतो आणि मंगळवारी दुपारनंतर अर्धी मंडळी आवराआवरीला लागलेली असतात. मुक्कामाची सोयही आत्ताच पाहावी, कारण प्रदर्शनाच्या दिवसांत ड्युसेलडॉर्फमधील हॉटेलांचे दर आवाक्याबाहेर जातात. मी शेजारच्या कोलोन शहरात उतरतो आणि रोज रेल्वेने ये-जा करतो.

आता दराविषयी, कारण पहिल्या खेपेस मी तिथेच फसलो. उत्पादक सांगतो तो भाव त्याच्या दारातला असतो. समजा, चार युरोची बाटली भाडे आणि विमा धरून न्हावा शेवाला पाच युरोंना पडली, तर 150 टक्के सीमाशुल्क भरल्यावर ती साडेबारा युरोंची होते. (2021 च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क 50 टक्के आणि कृषी अधिभार 100 टक्के अशी विभागणी झाली, आपल्या खिशाला त्याने काही फरक पडला नाही.) राज्याचे उत्पादन शुल्क, व्हॅट, वितरक आणि हॉटेल यांचा हिशेब त्यानंतरचा. वाहतुकीत बाटलीमागे वाढलेला एक युरो आपल्याला अडीच युरोंना पडतो, हे लक्षात ठेवले म्हणजे अर्धा रिकामा कंटेनर मागवण्याचा मोह आपोआप आवरतो. "दहा पेट्यांवर एक फुकट" या प्रस्तावालाही भुलू नये, कारण फुकट पेटीचेही मूल्यांकन होऊन तिच्यावर शुल्क लागते.

ऑस्ट्रेलियाचे गणित याहून चमत्कारिक आहे. 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार 750 मिलिलिटरच्या बाटलीचे आयातमूल्य किमान पाच अमेरिकी डॉलर असेल तरच सवलत मिळते. 15 डॉलरपासून ती आणखी वाढते. करार लागू झाला त्या दिवशीचे दर पाहा: साडेचार डॉलरची बाटली 150 टक्क्यांनी सव्वाअकरा डॉलरला पडत होती आणि पाच डॉलरची 100 टक्क्यांनी दहाला. पुढे सवलतीचे दर टप्प्याटप्प्याने उतरत जायचे आहेत. म्हणून त्या दालनात भाव पाडून मागण्यापूर्वी कागदावर आकडे मांडून पाहावेत.

उरणचा क्लिअरिंगवाला:
बॅगेचा प्रश्न आधी निकालात काढतो. प्रवाशाला मिळणारी दोन लिटरची सवलत स्वतःच्या वापरासाठी आहे, व्यापारी नमुन्यांसाठी नव्हे. नमुने रीतसर मागवावेत. वेळ लागतो, पण विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेवर उभे राहून खुलासे द्यावे लागत नाहीत.

दुसरे म्हणजे, चव घेऊन झाली की बाटली उलटी फिरवून मागचे लेबल वाचावे आणि त्याचे छायाचित्र काढावे. आयातदाराचे नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक इथे बॉण्डेड गोदामात, म्हणजे शुल्क भरण्यापूर्वी माल ठेवतात तिथे, चिकटवता येतो. लॉट क्रमांक मात्र उत्पादकाकडूनच यावा लागतो. युरोपात तो बहुधा 'एल' अक्षराने सुरू होतो आणि कित्येकदा लेबलवर नसून काचेवर, अगदी बुडाशी, फिकट छापलेला असतो. अशाच एका खेपेत निम्म्या बाटल्यांवरची छपाई पुसली गेली होती आणि आमच्या पक्षकाराने गोदामाचे भाडे भरत ती खेप कित्येक आठवडे सोडवली. सल्फाइटची सूचना आणि अल्कोहोलचे प्रमाणही तिथेच तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट: प्रत्येक लेबलचे नमुने वेगळे तपासले जातात आणि राज्यात प्रत्येक लेबलची नोंदणीही वेगळी होते, त्यामुळे एकाच उत्पादकाच्या सहा वाइन थोड्या थोड्या घेण्यापेक्षा दोनच भरपूर घेतलेल्या बऱ्या.

पिकदाणी:
वरील दोघांचे म्हणणे योग्य आहे, परंतु केवळ कागद पाहून घेतलेली वाइन शेवटी आम्हा हॉटेलवाल्यांच्या गळ्यात पडते. सकाळी जीभ ताजी असते, म्हणून रीसलिंगच्या भेटी दुपारच्या जेवणापूर्वी ठेवाव्यात. अत्तर लावू नये, आणि प्रत्येक घोट न चुकता थुंकावा, मग समोर खुद्द मालक का उभा असेना. माझे नाव त्यावरूनच पडले आहे. मोझेलची काबिनेट (हलक्या रीसलिंगचा एक दर्जा) ही कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर आणि आंबटपणा टिकवून ठेवणारी असल्यामुळे सोलकढी आणि माशांच्या ताटासमोर ती उभी राहते. कोरडी हवी असेल तर लेबलवर 'ट्रोकन' शब्द पाहावा. शक्यतो बूच टाळून फिरकीचे झाकण मागावे, कारण आपल्याकडच्या दुकानांत बाटल्या उभ्याच राहतात आणि उभ्या बाटलीतले बूच वाळते.

पुण्याचा आयातदार:
सर्वांचे आभार. रोज सकाळच्या वेळेत पाच भेटी आणि दुपारनंतर तीन अशा बेताने मी वेळ मागतो. एकच शंका उरली: मार्चमध्ये सौदा झाला तर माल ऐन मे महिन्यात बंदरात उतरेल का?

बोरीबंदर:
लेबलची नोंदणी आधी, जहाज नंतर, असा क्रम ठेवलात तर मे महिना आपोआपच टळतो. तांबड्या समुद्रातील अडचणींमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, की त्यात आणखी दिवस जातात. तरीही कंटेनर शीतकरणाचाच घ्यावा आणि तापमान किती राखायचे, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे.