स्कॉटलंडमधील ‘बॅजर डिव्हाइड’ : इन्व्हर्नेस ते ग्लासगो कच्च्या रस्त्यांवरून सायकलने जाताना टप्पे कसे पाडावेत?

घाटमाथा (पुणे) – प्रश्न

नमस्कार. येत्या मे महिन्यात ग्लासगोला बहिणीकडे जाण्याचे ठरले आहे आणि त्याला जोडून मी व माझे मेहुणे इन्व्हर्नेस ते ग्लासगो हा ‘बॅजर डिव्हाइड’ नावाने ओळखला जाणारा मार्ग सायकलने करण्याचा विचार करत आहोत. अंतर साधारण ३४० किमी असल्याचे वाचनात आले. आम्ही दोघेही बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी) करणारे आहोत, त्यामुळे दिवसाला ८५ किमी धरून चार दिवसांत हे अंतर सहज संपेल असा प्राथमिक हिशेब केला होता, परंतु या मार्गावर गेलेल्यांची वर्णने वाचल्यावर हा हिशेब डांबरी रस्त्याचा आहे अशी शंका येऊ लागली आहे.

मार्ग दोन राष्ट्रीय उद्यानांतून जातो. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की प्रवेशद्वार, वनखात्याची परवानगी, शुल्क, वाटाड्या आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडण्याची सक्ती हे सारे ओघाने येते. तिथे सायकलसाठी असे काही नियम आहेत का, आणि तंबू ठोकून राहता येते का? माझी हायब्रिड सायकल आहे व तिला जास्तीत जास्त ३८ मिमी रुंदीचे टायर बसतात. तीच विमानाने न्यावी की तिथे दुसरी भाड्याने घ्यावी? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, तेव्हा वाटेतील खाण्यापिण्याविषयीही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तरवारा (इन्व्हर्नेस) – उत्तर

आपली शंका रास्त आहे. या मार्गावर किलोमीटर हे माप जवळजवळ निरुपयोगी ठरते. अंतर, चढ आणि रस्त्याचा पोत या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय टप्पे ठरवू नयेत, आणि त्याहूनही आधी दुकाने कुठे आहेत हे पाहावे. चार दिवसांत हा मार्ग पूर्ण करणारे आहेत, पण सामान लादलेल्या सायकलवरून, आजूबाजूचे काही पाहत जायचे असेल तर सहा दिवस धरावेत आणि सातवा हवामानासाठी राखून ठेवावा.

इन्व्हर्नेसहून निघाल्यावर पहिला टप्पा लॉख नेस सरोवराच्या वायव्येकडील उंच काठाने फोर्ट ऑगस्टसला जातो. नकाशावर सरोवर दिसते म्हणून रस्ता सपाट असेल अशी समजूत करून घेऊ नये. ही वाट जंगलातून सतत वर-खाली होते आणि काही चढ इतके तीव्र आहेत की भरलेली सायकल ढकलावीच लागते. फोर्ट ऑगस्टसला दुकाने, खाणावळी आणि राहण्याची सोय आहे. इथे मुक्काम करावा आणि किमान तीन दिवसांचे अन्न बरोबर घ्यावे, कारण यापुढे किलिन गाव येईपर्यंत भरवशाचे मोठे दुकान ऐन वाटेवर नाही. मधली चहाची ठिकाणे उघडी मिळाली तर आनंदाने बसावे, पण त्यांच्या भरवशावर निघू नये.

दुसरा टप्पा हा या सफरीचा कस पाहणारा भाग आहे. फोर्ट ऑगस्टस जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि कॉरियारक घाटाचा माथा सुमारे ७७० मीटरवर. हा रस्ता ब्रिटिश सेनानी जनरल वेड याने १७३१ मध्ये लष्करासाठी बांधून घेतला. जॅकोबाइट म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडानंतर हायलँड्स या डोंगराळ उत्तर भागात सैन्य लवकर हलवता यावे हा त्याचा उद्देश होता, पण १७४५ च्या उठावात याच रस्त्याचा उपयोग बंडखोरांच्या सैन्याने करून घेतला! आज तिथे मोटारींना मनाई आहे आणि रस्ता दगडगोट्यांचा झाला आहे. पश्चिमेचा चढ लांबलचक आहे, तर माथ्यापलीकडचा उतार नागमोडी वळणांचा आणि सुट्या दगडांचा. चढापेक्षा या उतारावर अधिक जपावे, कारण हात थकलेले असतात आणि ब्रेक लावूनही मागचे चाक सरकत राहते. घाटमाथ्यावर उच्चदाब विजेच्या वाहिनीचे प्रचंड मनोरे आहेत. छायाचित्रांत ते सहसा टाळलेले असतात, म्हणून आधीच सांगितले. उतरल्यावर जुना गार्व्हा पूल लागतो आणि लॅगनपर्यंतचा रस्ता सुसह्य होतो. फोर्ट ऑगस्टस ते लॅगन हे अंतर जेमतेम ४० किमीच्या आसपास आहे, तरी पूर्ण दिवस लागला तर वाईट वाटून घेऊ नये.

माझ्या मते या मार्गाचे सर्वोत्तम दान तिसऱ्या टप्प्यात पदरात पडते. लॉख लॅगनच्या दक्षिणेला डोंगरांच्या कुशीत दडलेल्या लोखन ना हेर्बा या जोडसरोवरांच्या काठाने आणि पुढे स्ट्रॅथ ऑसियनमधून जाणारा रस्ता खासगी मालमत्तेतील, बारीक खडीचा, सायकलच्या चाकासाठीच घातल्यासारखा आहे. लॉख ऑसियनच्या टोकाला एक छोटे युवा वसतिगृह आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर कोरूर हे रेल्वे स्थानक. ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरील हे सर्वांत उंच स्थानक (४०८ मीटर) आहे आणि तिथे सार्वजनिक मोटाररस्ता पोहोचत नाही. वसतिगृहाचे आरक्षण पुष्कळ आधी करावे.

पुढे रॅनक मूर या दलदलीच्या पठाराच्या कडेने रॅनक, मग डोंगर ओलांडून ग्लेन लायन खोरे आणि तिथून किलिन असा प्रवास होतो. किलिनला डॉकर्ट नदीचे धबधबे गावातल्या पुलावरूनच दिसतात आणि सामानाची भरही इथे घालता येते. त्यानंतरचा किलिन–कॅलेंडर हा भाग बराचसा १९६५ मध्ये बंद पडलेल्या लोहमार्गाच्या मातीवरून जातो, त्यामुळे उतार बेताचा आणि प्रवास जलद होतो. शेवटी अबरफॉइलची जंगले, मिल्गाय आणि केल्विन नदीच्या काठाने थेट ग्लासगो शहर. हे शेवटचे दोन टप्पे बीआरएमच्या वेगाने केले तरी चालतील.

चाकोरी (मिरज) – उत्तर

सायकलविषयी लिहितो. मी तिथे गेलेलो नाही, परंतु माझ्याकडून सायकल तयार करून घेऊन या मार्गावर गेलेले लोक आहेत आणि परतल्यावर त्या सायकलींची अवस्था मी पाहिली आहे.

३८ मिमी टायरवर हे होणारच नाही असे नाही, पण कॉरियारकच्या उतारावर आपले मनगट आणि सायकलचे रिम या दोहोंना ते सोसावे लागेल. ४५ मिमी किंवा त्याहून रुंद टायर घ्यावेत आणि शक्यतो ट्यूबलेस करावेत, म्हणजे हवा कमी ठेवूनही चाक दगडावर आपटून ट्यूब कापली जाण्याची भीती राहत नाही. आपली फ्रेम हे टायर घेत नसेल तर भाड्याने सायकल घेणे उत्तम. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक मिळाली तरी कमीपणा मानू नये. ग्रॅव्हल बाइकच (खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल) हवी हा हट्ट छायाचित्रांसाठी ठीक आहे.

टायरपेक्षाही जास्त दुर्लक्ष गिअरकडे होते. सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षाही हलका असावा, म्हणजे पुढच्या दातेरी चकतीला ३० दाते असतील तर मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला निदान ३४ तरी असावेत. रस्त्यावरील सायकलचे गिअर सिंहगडाच्या डांबरी घाटात पुरतात, पण मोकळ्या दगडांवर उभे राहून पेडल मारता येत नाही, मागचे चाक जागच्या जागी फिरते. तिथे बसूनच चढावे लागते आणि बसून चढायला गिअर हलका लागतो.

सामान कॅरिअरला लटकवण्याच्या मोठ्या पिशव्यांत नेण्यापेक्षा फ्रेमला, हँडलला आणि सीटमागे घट्ट बांधण्याच्या पिशव्यांत न्यावे. दगडांच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात, तेव्हा कॅरिअर असेलच तर रोज संध्याकाळी बोल्ट आवळावेत आणि दोन-चार जास्तीचे जवळ ठेवावेत. ब्रेक पॅडचा नवा जोड, साखळीची जोडकडी आणि डिरेलर हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) एवढे बरोबर असलेच पाहिजे. पावसाळी खडीत पॅड फार लवकर झिजतात. स्टोव्हसाठी गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते तिथेच विकत घ्यावेत.

ट्वीडकाठ (एडिनबरा) – उत्तर

परवानगीचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर सुखद आहे. केर्नगॉर्म्स (स्थापना २००३) आणि लॉख लोमंड व ट्रॉसॅक्स (स्थापना २००२) या दोन्ही उद्यानांना प्रवेशद्वार नाही, शुल्क नाही आणि वाटाड्याची सक्तीही नाही. ताडोबा किंवा चांदोली डोळ्यांसमोर ठेवून या उद्यानांची कल्पना करता येणार नाही. इथे उद्यानाच्या हद्दीत गावे आहेत, शाळा आहेत, मेंढपाळ आहेत, व्हिस्कीच्या भट्ट्या आहेत आणि बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे.

२००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे व त्यात सायकलही येते. इंग्लंडमध्ये असे नाही. तिथे केवळ पायी जाण्याच्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क नसतो. म्हणून इंग्लंडमधील मित्रांच्या सल्ल्यावर विसंबू नये. हक्काबरोबर कर्तव्येही येतात : फाटक जसे आढळले तसेच ठेवावे, म्हणजे बंद असेल तर मागे बंद करावे आणि उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे, पायी चालणाऱ्यांना वाट द्यावी, आणि पीट म्हणजे जळाऊ सेंद्रिय मातीवर शेकोटी पेटवू नये, कारण ती आग जमिनीखाली धुमसत राहते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हरणांची शिकार चालते व त्याविषयीच्या फलकांवरील सूचना पाळाव्या लागतात, पण आपण मेमध्ये येत असल्याने ती अडचण फारशी येणार नाही.

तंबूही याच हक्काखाली लावता येतो. घरांपासून व रस्त्यांपासून दूर, एकेका जागी फार तर दोन-तीन रात्री, असा शिरस्ता आहे. मात्र एक अपवाद लक्षात ठेवावा. लॉख लोमंड व ट्रॉसॅक्स उद्यानातील अनेक सरोवरकाठांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात तंबूसाठी परवाना लागतो. कोणत्या पट्ट्यात तो लागतो हे उद्यानाच्या संकेतस्थळावरील नकाशावर दिसते. आपला कॅलेंडर–अबरफॉइल भाग याच उद्यानात येत असल्याने तिथली रात्र आधीच ठरवून ठेवावी. याशिवाय डोंगरांत ‘बॉथी’ म्हणून ओळखली जाणारी साधी दगडी घरे कोणालाही विनामूल्य वापरता येतात. त्यांत वीज, नळ, अंथरूण यांपैकी काहीही नसते आणि आरक्षणही नसते, त्यामुळे बॉथीचा बेत असला तरी तंबू जवळ हवाच.

मे महिना आपण निवडलात हे फार चांगले झाले. ‘मिज’ ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटे साधारण मेअखेरीस सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडलेल्या संध्याकाळी माणसाला तंबूबाहेर जेवू देत नाहीत. तरी डोक्यावरून घेण्याची बारीक जाळी बरोबर असू द्यावी, वजन काहीच नसते. गोचीड मात्र मेमध्येही असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग आणि जांघा तपासाव्यात व गोचीड काढण्याचा छोटा आकडा जवळ ठेवावा.

घाटमाथा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीमार्फत आता सायकली भाड्यानेच पाहत आहोत आणि चार दिवसांचा बेत सोडला आहे. दोन गोष्टी राहिल्या. वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून वाहतो असे वाचले, मग ग्लासगोहून निघून इन्व्हर्नेसला संपवणे शहाणपणाचे नाही का? आणि जेवणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उत्तरवारा (इन्व्हर्नेस)

वाऱ्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे, तरीही मी इन्व्हर्नेसहूनच निघण्याचा आग्रह धरीन. अवघड भाग पहिल्या निम्म्यात संपतो आणि थकलेल्या पायांना लोहमार्गाची माती मिळते. शिवाय आपले बिऱ्हाड ग्लासगोला आहे, तेव्हा शेवटच्या दिवशी गाडी गाठण्याची घाई उरत नाही.

ट्वीडकाठ (एडिनबरा)

इथे माझे मत वेगळे आहे. ग्लासगोहून निघाल्यास पहिले दोन दिवस सोपे जातात, अनोळखी सायकल आणि बांधलेले सामान यांची सवय होते, आणि काही मोडलेच तर दुरुस्तीची दुकाने जवळ असतात. भाड्याच्या सायकलवर पहिल्याच दिवशी लॉख नेसचे चढ आणि दुसऱ्याच दिवशी कॉरियारक हे मला पटत नाही. तरी दिशा कोणतीही निवडा, निघण्याच्या आदल्या दिवशी घाटाचे हवामान पाहिल्याशिवाय निर्णय पक्का करू नका, कारण मेमध्येही माथ्यावर गारठवणारा पाऊस आणि धुके असते.

जेवणाची काळजी करू नये. फोर्ट ऑगस्टस, किलिन आणि कॅलेंडर या तिन्ही ठिकाणी शाकाहारी पदार्थ मिळतात. मधल्या रिकाम्या पट्ट्यासाठी ओटची बिस्किटे, शेंगदाण्याचे लोणी, मक्याच्या किंवा गव्हाच्या तयार पोळ्या आणि गरम पाण्यात होणारे नूडल्स किंवा कुसकुस हे पुरे होते. पुण्याहून शेंगदाण्याची चिक्की अवश्य आणावी. दुधाचे पदार्थ मात्र भारतातून आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच ठेवावी. ओढ्याचे पाणी मुबलक आहे, पण वरच्या अंगाला मेंढ्या आणि हरणे असतात, म्हणून गाळणी वापरावी किंवा उकळून घ्यावे.

चाकोरी (मिरज)

रेल्वेचे कोणी लिहिले नाही. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून इन्व्हर्नेसला थेट गाडीने साधारण सव्वातीन तास लागतात, पण सायकलच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी आरक्षित कराव्या लागतात, असे जाऊन आलेल्या सर्वांनी बजावून सांगितले आहे.

उत्तरवारा (इन्व्हर्नेस)

बरोबर. तिकीट काढतानाच दोन सायकलींची जागा त्याच गाडीत मिळते का हे पाहावे, नाहीतर माणसे एका गाडीने आणि एक सायकल फलाटावर अशी अवस्था होते. मधेच सफर सोडावी लागली तर लॅगनहून सर्वांत जवळची स्थानके डॅलव्हिनी आणि न्यूटनमोर ही आहेत, आणि त्यापुढे कोरूर व रॅनक. रॅनकनंतर मात्र ग्लासगो जवळ येईपर्यंत आपल्या वाटेवर स्थानक नाही, तेव्हा पाय दुखत असेल किंवा सायकलची कुरबुर असेल तर निर्णय कोरूर किंवा रॅनकलाच घ्यावा. मोबाइलला बऱ्याच भागात संपर्क नसतो. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत, कागदी नकाशा एक तरी ठेवावा, आणि इथले सिमकार्ड घेतल्यावर ९९९ या क्रमांकावर लघुसंदेशाने नोंदणी करून टाकावी, म्हणजे आवाज पोहोचत नसेल तिथेही मदतीचा संदेश जाऊ शकतो. अपघात झाल्यास पोलिसांकडे ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि बचावाचे पैसे घेत नाहीत, पण रुग्णालयाचा खर्च परदेशी पाहुण्याला सोसावा लागू शकतो, म्हणून प्रवास विमा घेताना त्यात डोंगरी सायकलिंग धरले आहे की नाही हे पॉलिसीत वाचून घ्यावे.