वडिलांच्या समाधीवर ऐरण कोरावी का? रोमन कारागिरांच्या स्मारकांविषयी प्रश्न

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न:
माझे वडील लोहार होते. पंचक्रोशीतील विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा त्यांच्याच भट्टीवर तयार होत. येत्या वर्षश्राद्धाला मळ्यात त्यांची छोटी समाधी बांधायची आहे आणि तिच्यावर ऐरण व हातोडा कोरून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. थोरल्या काकांना मात्र ते पटत नाही. समाधीवर पादुका आणि तुळस शोभते, धंद्याची हत्यारे नव्हेत, असे ते म्हणतात. प्राचीन रोममधील लोक थडग्यावर आपला व्यवसाय कोरून घेत असत, असे वाचनात आले. त्यात लोहार होते का, आणि ते नुसती हत्यारे दाखवत की काम करणारा माणूस, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरणाथडी यांचे उत्तर:
लोहार होते, आणि तुमच्या वडिलांशी फार जवळचे नाते सांगणारा एक दगड आजही व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लुसियस कॉर्नेलियस अटिमेटस या सुऱ्या बनवणाऱ्याची ती स्मरणवेदी आहे. तिच्या एका बाजूला ऐरणीशी काम करणारे दोन कारागीर आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दुकान आहे, जिथे टांगलेल्या सुऱ्या व विळे यांच्यासमोर विक्रेता आणि गिऱ्हाईक उभे आहेत. लेखात अटिमेटसने स्वतःच्या नावापाठोपाठ आपला मुक्त केलेला गुलाम एपाफ्रा याचेही नाव आवर्जून कोरले आहे, ही गोष्ट मला सर्वांत हृद्य वाटते.

रोममधील पोर्ता माज्योरे या वेशीबाहेर युरिसेसिस नावाच्या पाव भाजणाऱ्याचे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील भव्य स्मारक आहे. नंतरच्या बांधकामात ते दडून गेले होते आणि 1838 मध्ये पुन्हा उजेडात आले. त्याच्या वरच्या पट्टीवर गाढवांकडून फिरवली जाणारी जाती, पीठ चाळणे, कणीक मळणे, भट्टीत पाव घालणे आणि शेवटी ते तोलणे, असे सारे काम क्रमाने कोरलेले आहे. भिंतींमधील गोल पोकळ्या म्हणजे कणीक मळण्याची यंत्रे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

सातमाळा यांचे उत्तर:
काकांची शंका रोममध्येही होतीच. कारागिरांचे सारे धंदे हलके असून कामाच्या जागेत घरंदाज असे काही असू शकत नाही, असे सिसेरो या रोमन वक्त्याने व लेखकाने लिहून ठेवले आहे. ही स्मारके उभारणाऱ्यांत मात्र गुलामीतून सुटलेले लोक पुष्कळ होते. ज्यांना सांगण्यासारखे कुळ नव्हते, त्यांनी हातातली कला सांगितली.

इटलीतील राव्हेना येथील लाँगिडिएनस या जहाजबांधणी करणाऱ्याने स्वतःला होडीशेजारी लाकूड तासताना दाखवले आहे आणि तो कामाची घाई करतो आहे, असे शेजारच्या पाटीवर कोरले आहे. रोमचे जुने बंदर असलेल्या ओस्तियाजवळच्या इसोला साक्रा येथे स्क्रिबोनिया अटिके या सुईणीच्या थडग्यावर ती बाळंतपण करताना दिसते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन्ही शिल्पांत आहे, कारण दोघेही कामात गढलेले आहेत.

आपल्याकडचे उदाहरणही काकांना अवश्य सांगावे. चाळीसगावहून पाटणादेवीच्या डोंगरापलीकडे असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात यक्षाची एक मूर्ती सापडली. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्यावरच कोरलेले आहे. ते स्मारक नव्हे, हे खरे. पण दगडावर नावाशेजारी धंदा लिहिण्याची रीत आपल्या डोंगरातही होती.

गिरणाथडी:
एक व्यवहाराची सूचना करतो. पाथरवटाला नुसते चित्र देऊ नका. वडिलांची सांडशी आणि हातोडा प्रत्यक्ष नेऊन दाखवा. काळ्या पाषाणात बारीक रेघा पावसापाण्यात लवकर बुजतात, म्हणून कोरीव काम उठावाचे घ्यावे.

बोरीकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांच्या ऐरणीच्या डाव्या कडेला वर्षानुवर्षांच्या घावांनी खळगा पडला आहे, आणि पात्याला पाणी देताना ते उकिडवे बसून त्या कडेला डावा हात टेकत असत. आज संध्याकाळी हे काकांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तो खळगा नीट येईल असे बघ, पादुका खाली बसवू.