'कोल्मा' निस्तेज का वाटतो?

अमेरिकी गिटारवादक बकेटहेडच्या १९९८ सालच्या 'कोल्मा' या अल्बमविषयी दोन आक्षेप घेतले जातात: त्यात त्याची विजेसारखी बोटे क्वचितच दिसतात, आणि वाजवताना तो घालतो तो पांढरा मुखवटा व डोक्यावरची तळलेल्या चिकनची रिकामी बादली हा निव्वळ प्रसिद्धीचा खटाटोप आहे. पहिले निरीक्षण खरे असले तरी मला तो दोष वाटत नाही. आजारी आईला ऐकायला बरे वाटेल असे संगीत करावे, या हेतूने त्याने हा अल्बम केला. त्यामुळे वेग आवरून धरणे हा इथे जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या हद्दीत दफनाला बंदी घातल्यावर ज्या गावात एकामागून एक दफनभूमी उभ्या राहिल्या, ते कॅलिफोर्नियातील कोल्मा शीर्षकात आहे, हेही ऐकताना विसरता येत नाही.

'बिग सर मून' जेमतेम मिनिटभराची रचना आहे, पण तिच्यातले प्रतिध्वनी स्वरांवर असे चढत जातात की एकाच गिटारची दोन-तीन वाद्ये झाल्यासारखी वाटतात. हे कौशल्य नव्हे तर काय? ब्रेन या ड्रमवादकाचे ड्रम मात्र काही ठिकाणी यांत्रिक वाटतात, एवढे मान्य करावे लागेल. मुखवट्याबद्दल वाद घालण्यात मला रस नाही, कारण ध्वनिमुद्रणात तो दिसत नाही. नव्या श्रोत्याने याच अल्बममधल्या 'व्हाइटवॉश' या रचनेपासून सुरुवात करावी.