‘सुफळ संपूर्ण’ झालेली परीकथा पुन्हा उघडून तिच्यात जीव येतो का? निमित्त ‘श्रेक’च्या पाचव्या भागाचे

सायनकर (मूळ लेख)

‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ असे आजीने म्हटले की कहाणी संपायची, आणि राणीला तिचे राज्य परत मिळाल्यावर पुढे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. अ‍ॅनिमेशनपटांच्या निर्मात्यांना मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. श्रेक नावाच्या हिरव्या राक्षसावरच्या ‘श्रेक’ मालिकेचा चौथा भाग २०१० साली ‘शेवटचा अध्याय’ म्हणून गाजावाजा करून आला, आणि आता पाचवा २०२७ च्या जूनअखेरीस येणार असे जाहीर झाले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: इतक्या उशिरा आलेला पुढचा भाग थकलेल्या मालिकेला गल्ला मिळवून देईल, पण तिच्यात जीव आणू शकणार नाही.

याचे कारण पहिल्या चित्रपटाच्या घडणीतच आहे. २००१ च्या त्या चित्रपटाने परीकथेचा नियमच उलटा केला होता. श्रेकच्या चुंबनाने फियोनाचा शाप सुटतो आणि ती राजकन्येच्या रूपात न परतता कायमची राक्षसीण होते, तरी तीच तिची सुटका असते. अ‍ॅनिमेशनपटांसाठीचे ऑस्कर पहिल्यांदा दिले गेले ते याच चित्रपटाला. २००४ च्या दुसऱ्या भागासाठी एक खराखुरा प्रश्न शिल्लक होता, जावई पहिल्यांदा सासरी जातो तेव्हा काय होते, आणि तो प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही घरात कळण्यासारखा होता. २००७ च्या तिसऱ्या भागापाशी असा प्रश्नच उरला नाही. राजा मरतो, वारस शोधायचा असतो, आणि ज्याने परीकथेची खोडी काढली तोच राजवाड्याच्या कारभारात अडकून पडतो.

चौथा भाग मी भाच्याला घेऊन वडाळ्याला थ्रीडीमध्ये पाहिला. त्यात मुलांच्या वाढदिवसाला एक पोरगा श्रेकच्या मागे ‘डरकाळी फोड’ म्हणून लागतो, श्रेक अखेर वैतागून खरोखरच ओरडतो, आणि सगळे घाबरण्याऐवजी टाळ्या पिटतात. तो प्रसंग पाहताना मला वाटले की निर्मात्यांनी आपल्याच मालिकेची अवस्था नेमकी सांगितली आहे. अमेरिकेतली कमाईही तेच सांगते: दुसऱ्या भागाची सुमारे ४४ कोटी डॉलर, तिसऱ्याची ३२ आणि चौथ्याची २४ कोटींच्या आत, तीही थ्रीडीची महाग तिकिटे धरून. जगभरची बेरीज चौथ्या वेळीही ७५ कोटींच्या वर राहिली, त्यामुळे ही उतरण झाकली गेली एवढेच.

रेखाटन, गोरेगाव

सायनकर, मी अ‍ॅनिमेशनच्या व्यवसायात आहे आणि आपल्या निष्कर्षाशी मुळीच सहमत नाही. आपण २०१० पाशी थांबलात आणि २०२२ चा ‘पुस इन बूट्स’चा, म्हणजे बूट घातलेल्या बोक्याच्या चित्रपटाचा, दुसरा भाग विचारात घेतलाच नाही. तो याच मालिकेतला, पहिल्या बोकापटानंतर ११ वर्षांनी आलेला. त्या वेळी आमच्या स्टुडिओतही कोणाला त्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती.

त्यातला लांडग्याचा पहिला प्रवेश आठवा. बोका गुत्त्यात एकटा दूध पीत बसला आहे, मागून शीळ ऐकू येते, आणि पहिल्याच झटापटीत त्याच्या कपाळावर बारीकशी जखम होऊन रक्ताचा एक थेंब ओघळतो. आजवर ज्याला कधी ओरखडाही उठला नाही त्या बोक्याच्या अंगावरचे केस त्या थेंबासरशी उभे राहतात आणि तो पळून जातो. मांजराला नऊ आयुष्ये असतात म्हणतात, त्यांपैकी आठ संपली आहेत आणि समोर उभा आहे तो साक्षात मृत्यू, हे प्रेक्षकाला संवादाआधी त्या केसांवरून कळते.

तंत्रातही त्यांनी मोठी जोखीम घेतली. एरवी संगणकावरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला नवी पोज असते, म्हणून हालचाल तुळतुळीत दिसते. इथे मारामारीच्या प्रसंगांत मुद्दाम ‘टूज’वर, म्हणजे एक पोज दोन फ्रेम धरून, काम केले, आणि पार्श्वभूमीला कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा पोत ठेवला. फटका बसल्यासारखा जाणवतो तो यामुळे. आम्ही तो राक्षसाशी झुंजीचा पहिला प्रसंग एकेक फ्रेम पुढे सरकवत दुपारभर पाहिला होता. सुमारे ९ कोटी डॉलरांत केलेल्या त्या चित्रपटाने ४८ कोटींच्या आसपास कमावले आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. याला जीव येणे म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

मुलुंडची आई

माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिने श्रेकचा एकही भाग पाहिलेला नव्हता. हा बोका तिने घरीच पाहिला, लांडग्याची शीळ वाजली की ती माझा हात घट्ट धरायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसची वाट पाहताना तिने विचारले, “आई, आधीची आठ आयुष्यं त्याने फुकट घालवली का गं?” मालिका थकली आहे हे तिला ठाऊकच नाही, म्हणून थकवा नेमका कोणाचा, हा मला पडलेला प्रश्न आहे.

आपल्याकडचेच उदाहरण देते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली ते आता आजी-आजोबा झाले. २०१८ मध्ये ते नाटक वैभव मांगले यांना चेटकीण करून पुन्हा आले आणि मुलांनी नाट्यगृहे भरून टाकली. मुलांचा प्रेक्षक दर दहा वर्षांनी नवा होतो.

सायनकर

ताई, आपल्या मुलीचा प्रश्न फार सुंदर आहे आणि मी तो विसरणार नाही. परंतु उदाहरण मला मान्य नाही. ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा आले ते मतकरींचेच नाटक म्हणून. चेटकिणीचे पुढे काय झाले, तिला सून कशी मिळाली, असा त्याचा तिसरा-चौथा भाग कोणी लिहिला नाही. तीच गोष्ट नव्या नटसंचात पुन्हा सांगणे आणि संपलेली गोष्ट ताणणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिल्याला माझा कधीच विरोध नव्हता.

रेखाटन, बोकापटाविषयी आपण लिहिलेले सर्व मी मान्य करतो, कारण मलाही तो चित्रपट अतिशय आवडला. पण त्यात कथा श्रेकची नाहीच. दलदल, फियोना, गाढव हे सगळे बाजूला ठेवून, ज्याची गोष्ट अजून सांगून झाली नव्हती अशा दुय्यम पात्राला मध्यभागी आणले, म्हणून ते जमले. यावरून मूळ मालिका पुन्हा उभी राहू शकते असे सिद्ध होत नाही. उलट तिच्यापासून दूर गेल्यावरच चांगले काम झाले, असे दिसते.

जुना प्रेक्षक, गिरगाव

सायनकरांनी चौथ्या भागाला फार लवकर निकालात काढले. डरकाळीचा प्रसंग त्यांनी बरोबर हेरला, पण चित्रपट तिथून सुरू होतो, तिथे संपत नाही. रोज तीच पोरे, तोच तुंबलेला संडास, घरावरून जाणारी पर्यटकांची गाडी, आणि एके काळी ज्याला लोक भीत त्याचे झालेले प्रेक्षणीय स्थळ. चाळिशीतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्या एका दिवसाच्या सुट्टीसाठी श्रेक रंपलस्टिल्टस्किन या कपटी खलनायकाच्या करारावर सही करतो आणि आपण जन्मलोच नाही अशा जगात जाऊन पडतो.

तिथली फियोना कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नाही. ती मनोऱ्यातून स्वतःच निसटली आहे आणि राक्षसांच्या बंडाची पुढारी झाली आहे. श्रेक तिचे चुंबन घेतो, आणि काहीच घडत नाही, कारण तिचे त्याच्यावर प्रेमच नाही. पहिल्या चित्रपटात ज्या चुंबनाने सगळे सुटले, ते इथे निकामी ठरते. प्रेम एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले असे नसते, ते पुन्हा मिळवावे लागते, हा प्रश्न २००१ मध्ये विचारताच आला नसता. त्यासाठी मध्ये वर्षे जावी लागली. चित्रपटाच्या मधल्या भागात पाठलाग फार आहेत आणि खलनायक किरकिरा आहे, हे खरे. तरीही उशीर झाला म्हणूनच तो प्रसंग सुचला, असे मला मनापासून वाटते.

रेखाटन, गोरेगाव

काका, निकामी चुंबनाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आज रात्री तो प्रसंग पुन्हा पाहतो.

सायनकर, दुय्यम पात्राची गोष्ट शिल्लक असते हे आपले म्हणणे मी पाचव्या भागाला लावून पाहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जी छोटी झलक आली, तिच्यात श्रेकची वयात आलेली मुलगी दिसते आणि तिला अभिनेत्री झेंडायाचा आवाज आहे. चर्चा मात्र झाली ती श्रेकचा चेहरा का बदलला याचीच. त्या नाराजीशी मी सहमत नाही, कारण २००१ चे मॉडेल आजच्या प्रकाशयोजनेत जसेच्या तसे उभे करता येत नाही. त्वचा, डोळे, पापण्या सगळे नव्याने बांधावे लागते, आणि दोन डोळ्यांतले अंतर थोडे जरी हलले तरी ओळखीचा माणूस परका वाटू लागतो. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या झलकेत जादूच्या आरशात श्रेकवर लोकांनी केलेली थट्टाचित्रे दाखवली आहेत, म्हणजे पुन्हा तीच डरकाळी आणि त्याच टाळ्या.

ती मुलगी राक्षसिणीच्या रूपातच जन्मली. तिला शाप नाही, मनोरा नाही, आणि तिच्या आईबापांना पाहून गावात आता कोणी मशाली घेऊन धावत नाही. अशा मुलीला स्वतःचे काय मिळवायचे आहे, हे कोणी नीट लिहिले असेल, तर मी पहिल्या दिवशीचे तिकीट काढीन.

सायनकर

तिच्यासाठी मीही येईन. भाचा आता सव्वीस वर्षांचा आहे, त्याला विचारतो.