मदत हवी आहे: १९६७ची एमजीबी, मूळचा डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल कोणती?

होटगीरोडकर:
गाडी सोलापुरात आहे. एमजीबी मार्क १, म्हणजे पहिल्या मालिकेची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंजिन १८जीबी. बॉडीचं काम उरकलंय, आता इग्निशन (ठिणगीची व्यवस्था: कॉइल जास्त व्होल्टेज बनवते, डिस्ट्रिब्युटर ते प्लगना वाटतो) मूळ स्वरूपात आणायचंय. बसलेल्या डिस्ट्रिब्युटरवर लुकास टीव्हीएस एवढं कंपनीचं नावच वाचता येतं, नंबर घासून गेलाय. कॉइलवर फक्त + आणि − खुणा. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन खडखडतं. इथले मेकॅनिक म्हणतात, ॲम्बेसिडरचा आहे, चालतोय तर राहू द्या. राहू द्यावा का? जुना माल घेताना नेमकं काय बघायचं?

लुकासवेडा:
मेकॅनिकनी ओळखलंय बरोबर, सल्ला मात्र चुकीचा. दोन्ही गाड्यांची इंजिनं बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजची. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तीच, १-३-४-२, म्हणून बसतो आणि गाडी चालतेही. पण आतली वजनं-स्प्रिंगा १४८९ सीसीच्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी लावलेल्या. तुमचं कॉम्प्रेशन ८.८, त्यामुळे ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणं) जुळत नाही. खडखडाटात पहिला संशय त्याच्यावर.

तुम्हाला हवा लुकास २५डी४, नंबर ४०८९७. हा नंबर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर ठोकलेला असतो, शेजारी आठवडा-वर्षाची तारीख. ११ ६७ म्हणजे १९६७चा अकरावा आठवडा. ती गाडी बनण्याच्या थोडी आधीची हवी, नंतरची असेल तर तो मूळचा नाही. ४१२८८ कुणी गळ्यात मारू पाहील. तो नंतरच्या गाड्यांचा.

नुसत्या नंबरावर पैसे देऊ नका, बॉडी खरी आणि पोट दुसऱ्याचं असं सर्रास होतं. व्हॅक्युम डबीवर (इंजिनच्या ओढीने ठिणगी आधी पाडणारी) ५-१३-१० हवं: पाऱ्याच्या ५ इंच व्हॅक्युमला सुरू, १३ इंचांना पूर्ण, डिस्ट्रिब्युटरचे १० अंश (क्रँकचे २०). मग बेसप्लेट काढून कॅमच्या पायावर ठोकलेला आकडा बघा, तोही १० हवा. डबी तोंडाने ओढून जीभ लावून धरा. प्लेट लगेच परत आली तर डायफ्राम फाटलाय.

पॉइंटवाला:
पॉइंटची (कॉइलचा करंट तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच) गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच. कंडेन्सर आणि रोटर (ठिणगी एकेका प्लगकडे फिरवणारा) मात्र बाजारातले नवे आंधळेपणाने घालू नका. हल्लीच्या बऱ्याच रोटरचा रिव्हेट इतका खोल असतो की ठिणगी प्लास्टिक भेदून थेट शाफ्टला जाते. थंडीत चालतो, सोलापूरच्या मे महिन्यात तापला की दगा देतो. बिनरिव्हेटचा लाल रोटर घ्या.

कॉइल मूळची लुकास एचए१२. प्रायमरीचा (+ आणि − मधला) रेझिस्टन्स थंड असताना ३.१ ते ३.५ ओहम. १.५ ओहमच्या आसपास दिसला तर ती बॅलास्टवाली, म्हणजे बाहेर वेगळा रेझिस्टर लागणारी. बॅलास्टशिवाय लावली की पॉइंट जळतात. तुमच्या मालिकेची गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा + बॉडीला जोडलेला. बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे?

होटगीरोडकर:
निगेटिव्ह बॉडीला आहे. कॉइलचा + डिस्ट्रिब्युटरकडे जातो. आणि आरपीएम मीटर मेलेला आहे.

पॉइंटवाला:
म्हणजे कुणीतरी अर्थ फिरवलाय आणि कॉइल तशीच ठेवली. निगेटिव्ह अर्थला − डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवा. उलटा असला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, लोडवर मिस होतं. तो मीटर पॉझिटिव्ह अर्थचा, आतली वायरिंग बदलल्याशिवाय हलायचा नाही. मूळ स्वरूपच हवं तर अर्थच परत फिरवा: बॅटऱ्यांच्या तारा बदला, डायनमोला (बॅटरी चार्ज करणारा) नव्याने पोलॅरिटी द्या, कॉइलचा + डिस्ट्रिब्युटरकडेच राहील. त्याआधी म्युझिक सिस्टिम काढून ठेवा, नाहीतर धूर निघेल. डायनमोऐवजी अल्टरनेटर लावलेला असेल तर हा नाद सोडा, फक्त कॉइलच्या तारा आलटापालट करा.

लुकासवेडा:
४०८९७ बसल्यावर स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेलं) १० अंश, स्ट्रोब लाइटने चालू इंजिनवर ६०० आरपीएमला १४, व्हॅक्युमची नळी काढून. प्लग चॅम्पियन एन९वाय, गॅप ०.०२५ इंच. तेवढ्यावरही खडखडला तर हेडमधला कार्बन बघा.