रे बोर्क, ७७ नंबर आणि आपण : तुमच्या आठवणी लिहा

गोधडी
काल बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. खोकी वर आणताना नवऱ्याची बोस्टनच्या हॉकी टीमची काळी-पिवळी जर्सी सापडली. ७७, बोर्क. पोटावर हळदीचा डाग, २००१ पासूनचा.

त्या जूनमध्ये सासरे साताऱ्याहून आले होते. माझं ऑफिस बोस्टनच्या सिटी हॉलजवळ. म्हटलं बाबा, चला, गंमत दाखवते. पटांगणात हजारो माणसं, निम्म्यांच्या अंगावर हाच नंबर. बोर्क स्टॅनले कप, म्हणजे इथल्या हॉकीतला सर्वात मोठा कप, घेऊन आला होता.
"म्हणजे आपलं बोस्टन जिंकलं?"
"नाही, कोलोरॅडो."
"आणि हा?"
"हा इथलाच. वीस वर्षं इथे खेळला, गेल्या वर्षी तिकडे गेला."
"मग कप इथे कशाला आणलाय?"
मला काही सांगता येईना. शेजारचा एक आडदांड गोरा ढसाढसा रडत होता. बाबांनी खिशातली आलेपाकाची वडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने खाल्ली!

कोणी पाहिलंय का बोर्कला खेळताना? लिहा पटापट.

डेन्व्हरचा_बाब्या
आम्ही टीव्हीवर. ९ जून, फायनलची सातवी मॅच, न्यू जर्सीला ३-१ हरवलं. रीत अशी की कप आधी कॅप्टनने उचलायचा. जो सॅकिकने हातात घेतला न घेतला तोच बोर्ककडे सरकवला. २२ सीझनमधला पहिला कप, तोही आयुष्यातल्या शेवटच्या मॅचला. माझ्या तेलुगू रूममेटला हॉकीतलं शष्प कळत नव्हतं, तोही उभा राहिला. पोळी करपली ती करपलीच.
प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, १६ मॅच जिंकल्या (डब्ल्यू म्हणजे विन) की कप, म्हणून बोर्कने 'मिशन १६ डब्ल्यू' लिहिलेल्या टोप्या काढल्या होत्या. माझ्याकडेही होती एक, लॉन्ड्रीत गेली.

खडकीवाला
हॉकी म्हणजे आमचा धनराज. हा कोण?

डेन्व्हरचा_बाब्या
ही बर्फावरची रे. चेंडू नाही, रबराची चकती. पक म्हणतात.

आजोळ
७७ चा किस्सा कोणीच सांगत नाहीये? आधी तो ७ घालायचा. बोस्टनचाच जुना खेळाडू फिल एस्पोझिटो, त्याचा नंबरही ७. ३ डिसेंबर १९८७, एस्पोझिटोचा नंबर निवृत्त करायचा, म्हणजे पुढे कोणाला द्यायचा नाही, असा कार्यक्रम. बोर्क ७ घालूनच बर्फावर आला, त्याच्यासमोर जर्सी काढली, तर आत ७७! एस्पोझिटोला पत्ताच नव्हता. आमच्याकडे सातबाऱ्यावरचं नाव कोणी सोडत नाही, याने अख्खा सात सोडला.

गोधडी
सातबारा 😂😂 नवऱ्याला वाचून दाखवलं.

निवांत_काका
मी ८७ ला एम.एस.साठी बोस्टनला गेलो. ८८ ची फायनल, समोर एडमंटन. चौथी मॅच ३-३ असताना बोस्टन गार्डनची, म्हणजे स्टेडियमची, लाइट गेली! मॅच तिथेच सोडून द्यावी लागली. सगळे वैतागलेले, मला मात्र एकदम गावी आल्यासारखं वाटलं. कप एडमंटननेच नेला. ९० साली परत फायनल, परत एडमंटन. पहिल्या मॅचला बोस्टनचे दोन्ही गोल बोर्कचे, तरी तिसऱ्या ओव्हरटाइमला हरलो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही.

ब्रॅम्प्टनची_आई
घाईत लिहितेय, लेक रिंकवर आहे. तो डिफेन्सला खेळतो. टाळ्या सगळ्या गोल मारणाऱ्याला, हा मागे आपटून घेतो. परवा रडत म्हणाला मला फॉरवर्ड व्हायचंय. त्याला सांगितलं, बोर्कही डिफेन्सचाच, तरी ४१० गोल, आणि गोल व गोलला दिलेले पास धरून १५७९ पॉइंट. डिफेन्सवाल्यांत अजून कोणी पुढे गेलेला नाही. तर म्हणे, "आई, तो जुना झाला."
बाकी हॉकीच्या बॅगेचा वास कसा घालवता? डिकी उघडवत नाही.

आजोळ
घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढून वाळत घाल. बॅगेत कापूर.

ब्रॅम्प्टनची_आई
कापराने देवघर आठवतं ग. वास दोन्हीचा येतो मग.

निवांत_काका
गोधडी, हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो.

गोधडी
माहितीये काका. घालवायचा नाहीये. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी जर्सी अंगावर चढवली आणि तशीच पिठलं-भाकरी खाल्ली. नवरा ओरडला तर म्हणाले, "धू की मग."
बरं, बेसमेंटचा पंप कोणी अलीकडे बदललाय का? प्लंबर चार आकडी रक्कम सांगतोय.